बॉनेट उघडा, पाईप बाजूला ठेवा: इंजिनाचा कप्पा घरी साफ करताना

एका रविवारी सकाळी मी होज पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला आणि इंजिनावर पाण्याची धार सोडली. पंधरा मिनिटांत सगळं लख्ख. मग चावी फिरवली. गाडी सुरू झाली खरी, पण अशी थडथडायला लागली की डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा घरंगळून खाली पडला. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. चारपैकी एक सिलिंडर झोपला होता. स्पार्क प्लगला वीज देणारी कॉइल उपसून टॉर्च मारला, तर तो प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्या तळाशी पाणी. फार नाही, चमचाभर.

त्या चमच्याने माझी पद्धत बदलली. आता अख्खा कप्पा साफ करायला मला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, आणि त्यातलं बरंचसं फडक्यातच राहतं. वेळ मात्र तीन तास जातो, कारण बहुतेक काम ब्रश आणि फडकं करतं. घाई नसेल तर हे काम कोणालाही जमण्यासारखं आहे. घाई असेल तर बॉनेट बंद ठेवलेलं बरं.

करायचं कशाला?

इंजिन चमकलं म्हणून मायलेज वाढत नाही. इंजिन थंड ठेवायचं काम कूलंट आणि रेडिएटरचं. वर बसलेल्या धुळीने त्यात फारसा फरक पडत नाही. फायदा आहे तो दिसण्याचा. धूळ आणि तेलाचा जो काळा, मेणचट थर बसतो त्याखाली ताजी गळती लपते, चिरलेला पाईप लपतो, उंदराने कुरतडलेली वायर लपते. स्वच्छ पृष्ठभागावर तेलाचा एक ओघळसुद्धा उठून दिसतो. शिवाय वाळका पाचोळा एक्झॉस्टजवळ साचून राहणं धोक्याचंच. आणि काचेखालच्या खोबणीत पानं कुजून पाणी निचऱ्याची भोकं बुजली, तर पावसाचं पाणी गाडीच्या आत पायाशी उतरतं. हे साफ करणं चमकवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि त्याला पाण्याचा थेंबही लागत नाही.

काही गाड्यांना मात्र हात लावण्याआधी थांबा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात. त्यांतून काहीशे व्होल्ट खेळत असतात. तिथे कोरड्या फडक्याने वरवर पुसण्यापलीकडे काही करायचं असेल तर आधी गाडीचं मॅन्युअल वाचा, आणि नारिंगी केबल किंवा तिचा कनेक्टर कधीही सोडवू नका. गॅसचा किट बसवलेला असेल आणि जरासाही वास येत असेल, तर साफसफाई नंतर, आधी मेकॅनिक. जुन्या कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) गाड्या पाण्याला फारच हळव्या असतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल गेली की गाडी सुरूच होत नाही. वायरींचं वेष्टण तडकलेलं किंवा उघडी तांब्याची तार दिसली तरी आज फक्त कोरडी सफाई करा.

गाडीची वॉरंटी चालू असेल तर मॅन्युअलमधला इंजिन धुण्याबाबतचा मजकूर वाचाच. काही कंपन्या चक्क धुऊ नका म्हणतात.

सामान

यादी फार मोठी नाही. दोन मऊ केसांचे गोल ब्रश, एक जरा कडक नायलॉनचा, दोन जुने टूथब्रश. रंगाचा ब्रश वापरायचा तर त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा. त्या पत्र्याने रंगावर ओरखडे पडतात आणि बॅटरीचं टर्मिनल आणि गाडीचा पत्रा या दोन्हींना एकदम टेकला तर ठिणगी उडते. सहा-सात फडकी हवीत, निम्मी मायक्रोफायबरची, निम्मी जुन्या टी-शर्टची. मायक्रोफायबर पाईपांच्या क्लिपांत अडकतं आणि मागे धागे सोडतं, म्हणून अडचणीच्या जागी टी-शर्टच बरा. एक साधी स्प्रे बाटली, आणि बागेत औषध फवारतात तसला हातपंप मिळाला तर उत्तम. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा. डिग्रीझर, म्हणजे ओशटपणा सोडवणारं द्रव्य, डोळ्यात गेलं की चष्म्याचं महत्त्व कळतं, आणि क्लिपांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. व्हॅक्यूम क्लीनर, टॉर्च, प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबरबँड.

डिग्रीझर पाण्यात मिसळणारं घ्या. बाजारात जी मिळतात ती बहुतेक अल्कधर्मी असतात आणि ओशटपणा झटक्यात सोडवतात. पण तीच ॲल्युमिनियमवर जास्त वेळ राहिली की पांढरट-करडे डाग पाडतात, आणि ते डाग धुऊन जात नाहीत. तिथला धातूच खाल्लेला असतो. म्हणून बाटलीवरचं प्रमाण वाचून सौम्यापासून सुरुवात करा. नुसती धूळ असेल तर एक भाग डिग्रीझर आणि दहा भाग पाणी पुरतं. तेलाचा जुना थर असेल तर एकास चारपर्यंत जा. चाकांच्या रिम साफ करायची द्रव्यं इथे अजिबात नकोत, त्यातली काही आम्लधर्मी असतात.

आता डिझेल-केरोसिनबद्दल. गॅरेजात डिझेल फवारून इंजिन काळंभोर चमकवलेलं अनेकांनी पाहिलेलं असतं. मी करत नाही, तुम्हीही करू नका. डिझेल रबराचे पाईप, बुशिंग, बेल्ट फुगवतं आणि मऊ करतं, आणि मागे जो तेलकट पापुद्रा राहतो त्यावर आठवड्याभरात दुप्पट धूळ चिकटते. वर आगीचा धोका. केरोसिनची वाफ साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेऊ शकते, पेट्रोलची तर उणे ४० च्या आसपासच. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाईप, चालू गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापतो. हिशेब तुम्हीच करा.

तयारी

सावलीत, सपाट जागी गाडी लावा. सकाळची वेळ चांगली, म्हणजे नंतर वाळायला दिवस हाताशी राहतो. हँडब्रेक ओढा, चावी काढा. बिनचावीची, बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी खिशात ठेवू नका, घरात ठेवून या. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही आपण होऊन फिरायला लागतो. अंगठी, घड्याळ, कडं, सगळं उतरवा. बॅटरीचं धन टर्मिनल आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लालभडक होते.

इंजिन गार हवं. व्हॉल्व्ह कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, तळहात आरामात टेकवून ठेवता आला पाहिजे. कोमट चालेल, ओशटपणा जरा लवकर सुटतो. त्याहून गरम असेल तर डिग्रीझर लावताच वाळून त्याचे डाग बसतात आणि तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडा जाण्याची भीती. गाडी नुकतीच फिरून आली असेल तर तासभर तरी थांबा. कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सांगायची गरज नसावी, पण आतला द्रव दाबाखाली असतो आणि चेहऱ्यावर उडतो.

सुरुवातीलाच मोबाइलवर फोटो काढा. चारही बाजूंनी, जवळून. एखादी क्लिप निघाली किंवा पाईप सरकला तर तो कुठे होता हे फोटोच सांगतो. आणि गळतीची जुनी खूण एकदा पुसली की मेकॅनिकला दाखवायला काही उरत नाही, तेव्हा ओला काळा भाग दिसला तर त्याचा वेगळा फोटो ठेवा.

कोरडं काम आधी

हा टप्पा लोक उरकून टाकतात. माझ्या मते निम्मी साफसफाई इथेच होते.

काचेखालच्या खोबणीपासून सुरू करा. पानं हाताने उचला, मग व्हॅक्यूमच्या बारीक तोंडाने कोपरे ओढून घ्या. निचऱ्याची भोकं शोधा, सहसा दोन्ही टोकांना असतात. प्लॅस्टिकच्या मऊ पट्टीने मोकळी करा, तार खुपसू नका. मग बॅटरीच्या तळाशी, दिव्यांच्या मागे, एअर फिल्टरच्या डब्याभोवती. मऊ ब्रशने धूळ व्हॅक्यूमच्या तोंडाकडे ढकलत जायचं, एका हातात ब्रश, दुसऱ्यात नळी.

बॉनेटच्या आतल्या बाजूला जी जाड नमद्यासारखी गादी असते ती फक्त व्हॅक्यूम करा. भिजली की जड होऊन लोंबते आणि वाळायला दिवस लागतात.

उंदराचं घरटं किंवा लेंड्या दिसल्या तर वेगळे नियम. व्हॅक्यूम नको, झाडणं नको, कारण ती धूळ नाकात जाते आणि लेंड्या-मुतातून गंभीर आजार पसरतात. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशक फवारून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. घरटं जिथे सापडलं तिथून वीतभर अंतरातल्या सगळ्या वायरी टॉर्चने तपासा. बारीक दातांच्या खुणा वायरीच्या खालच्या बाजूला असतात, वरून दिसत नाहीत. बोट फिरवलं की लागतात.

रेडिएटरच्या पातळ पात्यांमध्ये किडे आणि कापूस अडकलेला असतो. पात्यांच्या दिशेनेच मऊ ब्रश फिरवा. आडवा फिरवला की पाती वाकतात, आणि वाकलेल्या पात्यांतून हवा जात नाही.

बॅटरी

टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी दिसत असेल तर ती आजच काढा. आधी ऋण टर्मिनल सोडवा, मग धन. हा क्रम पाळण्याचं कारण साधं आहे: गाडीचा सगळा पत्रा ऋण बाजूला जोडलेला असतो. धन आधी सोडवायला गेलात आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर बॅटरीचा थेट शॉर्ट. ऋण आधी सुटलं असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. परत जोडताना उलट, आधी धन. बऱ्याच गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो.

एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा आणि टूथब्रशने टर्मिनलवर लावा. फसफसेल, सोडा आम्लाला मारतोय. फसफस थांबली की ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. बॅटरीच्या वरच्या बाजूला पाणी भरायच्या टोप्या असतील तर त्या घट्ट बसल्यात याची खात्री आधी करा. सोडा आत गेला तर बॅटरीतलं आम्लच निकामी होतं. ती भुकटी उघड्या हातावर घेऊ नका. जोडून झाल्यावर टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या, भुकटी लवकर परत येत नाही.

बॅटरी सोडवल्याने घड्याळ शून्यावर जातं, काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो, काचा एका दाबात वर जाणं विसरतात. कोड हाताशी नसेल तर धनाला हात न लावता नुसतं ऋण सोडवूनही भागत नाही, वीज दोन्ही प्रकारे तुटतेच. तेव्हा कोड आधी शोधा. टर्मिनल स्वच्छ असतील आणि तुम्ही फक्त ओल्या फडक्याने काम करणार असाल, तर बॅटरी जोडलेली राहिली तरी मला चालते. फवारा मारणार असाल तर ऋण सोडवलेलंच बरं.

काय झाकायचं

बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पहिला. हवा खेळण्यासाठी त्याच्या अंगाला उघड्या खिडक्या असतात आणि आत तांब्याची गुंडाळी, डायोड. त्यात डिग्रीझर गेलं की दुरुस्तीचा खर्च डोळ्यांत पाणी आणतो. मग फ्यूज बॉक्स, इंजिनचा कंट्रोल युनिट, कॉइल, आणि हवा आत ओढणारं तोंड. उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला असेल तर तो पूर्ण गुंडाळा. हवेच्या वाटेने बरंच पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान फडक्याने पुसून निघत नाही. डिपस्टिक, तेलाचं झाकण आणि ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून ते झाकण आज उघडायचंच नाही.

पिशवी लावून रबरबँड घाला. आणि पिशव्या मोजा. एकदा मी चार लावल्या आणि तीन काढल्या. चौथी पारदर्शक होती, अल्टरनेटरच्या मागे. गाडी तापल्यावर ती वितळून पाईपवर चिकटली, आणि तो जळका वास महिनाभर एसीतून येत राहिला. पिशवी दोन बोटं पुढे असती तर बेल्टने ओढली असती. तेव्हापासून मी भडक लाल-पिवळ्या पिशव्याच वापरतो आणि आकडा स्टीअरिंगवर कागद चिकटवून लिहितो.

आधुनिक गाड्यांचे कनेक्टर पाण्यापासून सुरक्षित असतात ना, मग एवढं कशाला, असं विचारतात. नव्या गाडीत असतात. रबराची सील दहा वर्षं तापून गार होऊन कडक पडली की नसतात. प्रेशर वॉशर तर विसराच: घरगुती वॉशरचासुद्धा दाब शंभर बारच्या पुढे जातो, हातपंपाचा दोन-तीन. पावसात उडणारं पाणी आणि ती धार यांची तुलना होत नाही.

ओलं काम

हातभर लांबी-रुंदीचा एकच भाग घ्या. कोपऱ्यातून, सर्वांत मागून सुरुवात करा, म्हणजे स्वच्छ भागावर ओणवं व्हावं लागत नाही.

डिग्रीझर थेट इंजिनावर फवारण्यापेक्षा ब्रशवर फवारा. प्लॅस्टिकचे कव्हर, टाक्या, पत्रा यांना ब्रशने फेस आणा, दोन-तीन मिनिटं राहू द्या. जाड थर असेल तर पाच. वाळू मात्र द्यायचं नाही. कडा कोरड्या दिसायला लागल्या की लगेच ओल्या फडक्याने पुसा. पहिलं फडकं काळं होणार, दुसरं तपकिरी, तिसरं जवळपास स्वच्छ. तिसरं स्वच्छ निघालं की पुढचा भाग.

जिथे फडकं पोचत नाही तिथेच हातपंपाचा बारीक तुषार वापरा, तोही वरून खाली, वायरिंगपासून तोंड फिरवून. तुषार मारायचा, दोन सेकंदांत खाली फडकं धरायचं. विहिरीसारख्या खोलगट जागा, म्हणजे स्पार्क प्लगच्या, इंजेक्टरभोवतीच्या, तिथे तुषारही नाही. तिथे टूथब्रशला किंचित ओलं करून काम, आणि काडीला गुंडाळलेलं फडकं.

वायरिंगवरून फडकं एका दिशेने ओढा, कनेक्टरकडून लांब. कनेक्टर उघडून आत पुसायचा मोह आवरा. जुन्या क्लिपचं प्लॅस्टिक कडकन मोडतं आणि तेवढी एक क्लिप सुटी मिळत नाही.

तीन गोष्टी सोडून द्यायच्या आहेत. एक, सांध्यांवर आणि बोल्टच्या डोक्यांवर दिसणारा पिवळसर मेणासारखा थर. घाण दिसते ती, पण कारखान्यात गंजापासून बचावासाठी मारलेला लेप असतो. दोन, स्टिकर. बेल्ट कसा गुंडाळायचा, कूलंट कोणतं, एसीत गॅस किती, हे सगळं त्यावर असतं आणि डिग्रीझरने शाई उतरते. नुसत्या ओल्या फडक्याने टिपा. तीन, बेल्ट आणि पुली. धूळ कोरड्या ब्रशने झटका, बाकी काही लावू नका. डिग्रीझर लागलेला बेल्ट किंचाळतो.

ब्रेक ऑइलच्या टाकीखालचा रंग फुगलेला किंवा सोललेला दिसला तर तिथे कधीतरी ब्रेक ऑइल सांडलंय. ते रंग खातं. भरपूर ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, आणि टाकीची पातळी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या खुणेत आहे का ते बघा.

खाली टपकणारं काळं पाणी गटारात किंवा झाडांच्या मुळाशी जाऊ देऊ नका. गाडीखाली ट्रे किंवा जुन्या चादरीवर भुसा पसरून ठेवला की बहुतेक तिथेच शोषलं जातं. इतकं कमी पाणी वापरायचा हा दुसरा फायदा.

वाळवणं

कोरड्या फडक्याने टिपा. मग हवा. ब्लोअर असेल तर छान, नसेल तर हेअर ड्रायर थंड हवेवर. गरम हवा नको. कॉइलभोवती, कनेक्टरच्या खाचांत, बोल्टच्या खड्ड्यांत हवा मारा आणि कुठून थेंब उडतात ते बघा. जिथून उडतात तिथे पुन्हा. मग पिशव्या काढा आणि मोजा. बॉनेट उघडं ठेवून तासभर, शक्य तर दोन तास सोडा. उन्हात असेल तर तासात भागतं.

त्यानंतर बॅटरी जोडा, मोटार सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. बंद जागेत नाही, उघड्यावर. ओढणी, टाय, लांब केस बेल्टपासून लांब. सुरुवातीला थोडी वाफ दिसेल, ती घाबरण्यासारखी नसते. धूर आणि वाफ यात फरक वासाने कळतो.

गाडी थडथडली तर

इंजिनाचा दिवा लुकलुकतोय म्हणजे मिसफायर चालू आहे, एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. अशा वेळी गाडी दामटत राहिलात तर न जळलेलं इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तापतं, आणि तो सुटा भाग खूप महागात पडतो. बंद करा. गार होऊ द्या. कॉइलचा कनेक्टर सोडवून कॉइल सरळ वर उपसा, एकेक करून, म्हणजे अदलाबदल होणार नाही. विहिरीत पाणी दिसलं तर आधी फडक्याच्या काडीने शोषा, मग हवा मारा. प्लग विहिरीत असतानाच हे सगळं. प्लग काढलात तर पाणी सिलिंडरमध्ये उतरेल. कॉइलची रबरी टोपी आतून-बाहेरून पुसून परत बसवा. माझ्या त्या रविवारी एवढंच करून गाडी सुरळीत झाली. दिवा मात्र दोन दिवसांनी विझला.

दिवा स्थिर जळतोय आणि गाडी नीट चालतेय, तर कुठल्यातरी सेन्सरच्या जोडात ओल असू शकते. एक दिवस बघा. नाही गेला तर मेकॅनिककडून बिघाडाचा कोड वाचून घ्या.

चमक, आणि थोडी कमीच

सगळं कोरडं झाल्यावर प्लॅस्टिक आणि रबराला ड्रेसिंग, म्हणजे चमक आणणारं द्रव्य, लावायचं असेल तर पाण्यावर आधारित, मॅट दिसणारं घ्या. स्पंजवर दोन थेंब, स्पंजने पातळ हात, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं पुसून घ्या. हवेत फवारू नका. सिलिकॉनचे कण हवेच्या वाटेने आत गेले तर ऑक्सिजन सेन्सर खराब करतात. बेल्ट, पुली, एक्झॉस्ट, अल्टरनेटर यांच्या आसपासही नको. पाईपांना लावलं तर ते मऊ राहतात वगैरे दावे मी फारसे मनावर घेत नाही. दिसायला बरं दिसतं आणि पुढच्या वेळी धूळ फडक्याच्या एका हाताने निघते, एवढं मला पुरतं. तेलकट चकाकी आणणारी ड्रेसिंग मात्र टाळा, त्यावर धूळ गोंदासारखी बसते. पुढच्या रंगवलेल्या पट्टीला आणि बॉनेटच्या कडेला वॅक्स लावा.

वर्षातून एकदा हे सगळं, आणि मधे दोन-तीन महिन्यांनी नुसता व्हॅक्यूम आणि ओलं फडकं. एवढं पुष्कळ होतं.

दोन आठवड्यांनी

खरी मजा आता. टॉर्च आणि पांढरा टिश्यू पेपर घेऊन बॉनेट उघडा. जोडांच्या कडांना, पाईपांच्या टोकांना, पंपाच्या खाली टिश्यू दाबून बघा. तपकिरी किंवा काळा चिकट डाग म्हणजे इंजिन ऑइल. तांबूस असेल तर गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचं म्हणजे कूलंट. वाळलेल्या कूलंटची रवाळ पांढरी रांगोळी पाईपाच्या तोंडाशी उमटते. फिकट पिवळं, बुळबुळीत आणि ब्रेकच्या टाकीजवळ असेल तर गाडी चालवू नका. एसीच्या पाईपाखाली नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते दुर्लक्षा.

माझ्या गाडीत तिसऱ्या वेळी व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात टिश्यूवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका आला. आठवड्याने परत दाबला, तर ठिपका मटारएवढा. कव्हरचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, कडक पडलं होतं, आणि तो कोपरा नेमका एक्झॉस्टच्या वर येतो.